टपालाने आलेले रहस्य : घरगुती रहस्यकोड्यांचे खेळ आणि वाचकाचा उलगड्यावरील हक्क

प्रस्तावना

रहस्यकथा ही एकट्याने, बहुधा रात्री, एका बैठकीत वाचून संपवावयाची वस्तू आहे असे आपण गृहीत धरतो. तीच चार जणांनी घरात बसून खेळावयाची वस्तूही होऊ शकते, ही कल्पना मराठी समीक्षेच्या फारशी परिचयाची नाही. पाश्चात्त्य देशांत मात्र गेल्या दशकात टपालाने रहस्यकोडी मागवून ती घरी सोडविण्याचा छंद चांगलाच रुजला. वर्गणी भरली की महिन्याला एक पेटी दारी येते. तिच्यात कथा नसते, कथेचा केवळ ऐवज असतो. कोणा मृताच्या खिशातील बिले, एखादे फाटलेले पत्र, वृत्तपत्राचे कात्रण, शवचिकित्सेचा अहवाल, साक्षीदारांचे जबाब, क्वचित एखादी किल्ली किंवा रुमाल. जेवणे आटोपल्यावर मंडळी सतरंजीवर हे कागद पसरतात आणि कोणी, कसे, कशासाठी याचा शोध घेऊ लागतात.

प्रस्तुत लेखात या खेळाचे परीक्षण एक वाङ्मयप्रकार म्हणून करावयाचे आहे. त्यासाठी कसोटी एकच घेतली आहे. उलगड्यासाठी जे जे लागते ते सर्व वाचकाच्या हाती दिलेले आहे काय? ही कसोटी वरवर साधी वाटते. परंतु खानदेशातील वाचकाच्या घरी गेल्या शतकात टपालाने आणि रेल्वेने जे जे रहस्य म्हणून व कोडे म्हणून आले, त्याला ती लावून पाहिली असता हाती येणारे उत्तर फारसे सुखद नाही. त्याच वेळी या कसोटीला उतरणारी सामग्री धुळ्यासारख्या ठिकाणी शतकभर जतन होत आली आहे, याकडेही लक्ष वेधणे आवश्यक वाटते.

फाईलचे रूप

या खेळाचा पूर्वज ग्रंथरूपच आहे. १९३६ मध्ये इंग्लंडमध्ये डेनिस व्हीटली या कादंबरीकाराने जे. जी. लिंक्स यांच्या आराखड्यावरून 'मर्डर ऑफ मायामी' या नावाची एक फाईल प्रसिद्ध केली. ती टपालाने नव्हे, तर पुस्तकांच्या दुकानांतून विकली गेली. परंतु तिची रचना आजच्या पेट्यांसारखीच होती. निवेदक नाही, प्रकरणे नाहीत. पोलिसांच्या तारा, टंकलिखित जबाब, छायाचित्रे, रक्ताचा डाग असलेल्या पडद्याचा तुकडा, केसांची बट, वापरलेली आगकाडी असे जिन्नस पानांना जोडलेले, आणि शेवटचा भाग मोहोरबंद. १९३९ पर्यंत अशा एकूण चार फाईली निघाल्या.

वाङ्मयीन दृष्ट्या येथे घडलेली गोष्ट मोठी आहे. रहस्यकथेतील निवेदक हा वाचकाचा वाटाड्या असतो तसाच त्याचा पहारेकरीही असतो. तो काय दाखवावे हे ठरवितो, आणि दाखवताना वाचकाची नजर दुसरीकडे वळवितो. फाईलमध्ये तो नाहीसा होतो. कोणता कागद महत्त्वाचा आणि कोणता निव्वळ भरताड, हे सांगणारे कोणी उरत नाही. कागद खोटे बोलू शकतो. मात्र तो खोटे बोलत असल्याची खूण दुसऱ्या कुठल्या तरी कागदात असली पाहिजे, हा या प्रकाराचा अलिखित करार होय. १९२९ मध्ये रोनाल्ड नॉक्स यांनी रहस्यकथेचे दहा नियम मांडले ते या कराराचेच कलमवार रूप होते. त्याच वर्षी एलरी क्वीन या टोपणनावाच्या लेखकद्वयाने आपल्या पहिल्या कादंबरीत उलगड्यापूर्वी थांबून, आता सर्व पुरावा तुमच्यासमोर आहे, सोडवून दाखवा, असे आव्हान वाचकाला दिले. फाईलने ते आव्हान कथेच्या शेवटाकडून उचलून पहिल्या पानावर आणले, एवढेच.

आजच्या पेट्यांनी हा करार कितपत पाळला? २०१६ मध्ये अमेरिकेत सुरू झालेली 'हंट अ किलर' ही योजना या क्षेत्रात सर्वांत अधिक गाजली. तिच्यात एक प्रकरण साधारणतः सहा पेट्यांत, म्हणजे सहा महिन्यांत विभागलेले असे. कागदांचा पोत, शाई, हस्ताक्षरे यांवरील मेहनत वाखाणण्याजोगी असते हे मान्य केले पाहिजे. तथापि दोन दोष मूलगामी आहेत. पहिला दोष वर्गणीतूनच उद्भवतो. महिन्याला एक पेटी द्यावयाची म्हणजे प्रत्येक पेटीत एखादा संशयित बाद करण्यापुरता पुरावा द्यावयाचा आणि खरा दुवा राखून ठेवावयाचा. खेळणाऱ्याने तिसऱ्या महिन्यात कितीही बुद्धी खर्च केली तरी उत्तर त्या महिन्याच्या कागदांत नसतेच. येथे रहस्य तर्काने टिकत नाही, टपालाच्या तारखेने टिकते. दुसरा दोष सांकेतिक लिपींचा. या प्रकारच्या खेळांत पात्रे उगाचच गूढ लिपीत लिहितात. बहीण भावाला खुशालीचे पत्र लिहिताना अक्षरे उलटसुलट का करील, याचे कथेत काहीच कारण नसते. सोडविणाऱ्याला काम हवे म्हणून ती तसे करते. अशा वेळी कोडे आणि कथा यांचा सांधा निखळतो, आणि उरते ते गणिताच्या पुस्तकातील उदाहरण.

याच्या दुसऱ्या टोकाला १९३४ मधील 'केन्स जॉबोन' ही कृती आहे. टॉर्केमाडा या नावाने शब्दकोडी रचणाऱ्या एडवर्ड पॉईस मॅथर्स यांनी शंभर पाने मुद्दाम चुकीच्या क्रमाने छापली. ती योग्य क्रमाने लावून सहा खून व सहा खुनी शोधावयाचे होते. प्रारंभी केवळ दोघांना उत्तर सापडले. २०१९ मध्ये ती पुन्हा प्रसिद्ध झाल्यानंतर २०२० मध्ये जॉन फिनेमोर यांनी ती सोडविली. ही कृती अमानुष कठीण आहे, पण तिला अन्याय्य म्हणता येत नाही, कारण सगळे त्या शंभर पानांत आहे. काठिण्य आणि अन्याय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्या परीक्षापद्धतीनेही लक्षात घ्यावे इतके महत्त्वाचे आहे. पण तो स्वतंत्र विषय होईल.

माझ्या मते या साऱ्या परंपरेतील सर्वांत समतोल कृती टपालाची नसून पेटीतून विकली जाणारी आहे. १९८१ मध्ये निघालेल्या 'शेरलॉक होम्स कन्सल्टिंग डिटेक्टिव्ह' या खेळात लंडनचा नकाशा, रहिवाशांची पत्तेसूची आणि त्या त्या दिवसाचे वृत्तपत्र मिळते. कोणाला भेटावे हे कोणी सुचवीत नाही. पत्तेसूचीतून शोधून काढावे लागते. शेवटी आपण किती ठिकाणी गेलो आणि होम्स किती ठिकाणी गेला याची तुलना होते, आणि येथेच खेळ थोडा घसरतो. होम्सच्या उड्या कधी कधी पुराव्याच्या पलीकडच्या असतात. तरीही जुन्या वृत्तपत्रातील एखादी किरकोळ जाहिरात पुढच्या प्रकरणात उपयोगी पडते तेव्हा होणारा आनंद वाचनाचाच आनंद असतो, आणि तो वाचकाने स्वतः कमावलेला असतो.

मराठी रहस्यकथेचा वाचक

आता आपल्याकडे वळू. मराठी रहस्यकथा म्हटली की बाबूराव अर्नाळकरांचे नाव प्रथम येते. हजाराहून अधिक पुस्तके लिहिणारा हा लेखक काही दशके मराठी वाचकाच्या उशाशी होता. झुंजार, काळापहाड, धनंजय आणि त्याचा सहायक छोटू ही नावे आमच्या मागील पिढीला नातेवाइकांइतकी जवळची होती. भुसावळसारख्या जंक्शनवरून गाड्या बदलणारा, चाळीसगाव-धुळे शाखेच्या गाडीची वाट पाहणारा प्रवासी हा या पुस्तकांचा हक्काचा वाचक. जिल्ह्यातील वाचनालयांच्या कपाटांत ही पुस्तके पानांचे कोपरे झिजेपर्यंत फिरली. मराठी माणसाला वाचनाची गोडी लावण्याचे त्यांचे श्रेय समीक्षेने पुष्कळ काळ नाकारले, हे अन्याय्यच होते.

परंतु श्रेय मान्य करूनही एक गोष्ट नोंदविली पाहिजे. ही कथा वाचकाला साक्षीदार करते, तपासनीस करीत नाही. वेषांतर, भुयार, पाठलाग, ऐन वेळी नायकाचे प्रकट होणे यांवर तिची भिस्त आहे. नायकाला जे कळते ते बहुधा वाचकाच्या अपरोक्ष कळते, आणि शेवटच्या पानांत तो ते सर्वांना ऐकवितो. वाचकाने विश्वास ठेवावयाचा असतो. पुढे सुहास शिरवळकरांनी फिरोज इराणी, बॅरिस्टर अमर विश्वास, दारा बुलंद अशा नायकांद्वारे भाषा आणि वेग बदलला. अमर विश्वासच्या न्यायालयीन प्रसंगांत तर पुराव्याची उलटतपासणी हाच कथेचा प्राण आहे. तरीसुद्धा तेथेही चातुर्य नायकाचे, टाळ्या वाचकाच्या, अशीच वाटणी राहिली. भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेने मात्र बालवाचकाला थोडे अधिक बरोबरीने वागविले असे म्हणता येईल. बन्याला जे दिसते तेच बहुतेक वेळा वाचकालाही दिसते, आणि म्हणूनच ती पुस्तके वाचणारी मुले स्वतःही वाड्यातल्या बोळांतून काही शोधत फिरली.

याचा दोष लेखकांच्या माथी मारण्याचे कारण नाही. महिन्याला अनेक पुस्तके मागणाऱ्या बाजारात दुवे पेरून, जुळवून, तपासून पाहण्याइतका अवधी कोणाला मिळणार? प्रश्न आहे तो परिणामाचा. पिढ्यानुपिढ्या मराठी वाचकाला रहस्याची चटक लागली, पण ते आपण उलगडू शकतो हा विश्वास त्याला मिळाला नाही.

मोहोरबंद उत्तर

ज्या एका प्रकाराने वाचकाच्या हाती पेन्सिल दिली तो म्हणजे बक्षिसाचे शब्दकोडे. हा खरोखरीच टपालाचा खेळ होता. वृत्तपत्रातील चौकोन भरावयाचा, प्रवेशशुल्कासह पाठवावयाचा आणि निकालाची वाट पाहावयाची. मुंबई प्रांताने १९४८ मध्ये सोडती व बक्षीसस्पर्धा यांवर नियंत्रण व कर बसविणारा कायदा केला. परप्रांतात छापली जाणारी वृत्तपत्रे प्रारंभी त्याच्या कक्षेबाहेर होती. १९५२ च्या दुरुस्तीने ती कक्षेत आली. बंगळूरहून निघणाऱ्या 'स्पोर्टिंग स्टार' या वृत्तपत्रातून आर. एम. डी. चमारबागवाला यांची शब्दकोडी चालत. मुंबई राज्यात त्यांचे एजंट व प्रवेशिका गोळा करण्याची केंद्रे होती. तेव्हाचे पूर्व खानदेश आणि पश्चिम खानदेश, म्हणजे १९६० नंतरचे जळगाव आणि धुळे, हे जिल्हेही याच राज्यात आणि याच कायद्याखाली होते.

हे प्रकरण न्यायालयात गेले. उच्च न्यायालयाने प्रवर्तकांच्या बाजूने निर्णय दिला. ९ एप्रिल १९५७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फिरविला. सरन्यायाधीश एस. आर. दास यांच्या निकालपत्राची घटनात्मक बाजू, म्हणजे जुगार हा व्यापार नव्हे ही, कायद्याच्या विद्यार्थ्यांना सुपरिचित आहे. साहित्याच्या अभ्यासकाचे लक्ष वेधून घेणारी बाब निराळी आहे. १९४८ च्या कायद्यातील व्याख्येनुसार ज्या स्पर्धेचे उत्तर प्रवर्तकांनी आधीच तयार करून ठेवलेले असते ती बक्षीसस्पर्धा. वस्तुतः प्रत्येक कोड्याचे उत्तर आधीच तयार असते. मग यात गैर ते काय? गैर हे, की या शब्दकोड्यांत एका चौकोनात दोन शब्द सारखेच बसत आणि अर्थाने दोन्ही चालत. सोडविणाऱ्याने योग्य शब्द शोधावयाचा नसून प्रवर्तकांनी कोणता निवडला असेल याचा अंदाज बांधावयाचा होता. स्पर्धेतील यश लक्षणीय प्रमाणात कौशल्यावर अवलंबून नसेल तर ती जुगारच, असा न्यायालयाचा आशय. त्याच दिवशीच्या दुसऱ्या निकालाने १९५५ चा केंद्रीय कायदा कौशल्याच्या स्पर्धांना लागू होत नाही हेही स्पष्ट केले. त्या कायद्याने महिन्याला एक हजार रुपयांहून अधिक बक्षिसाच्या स्पर्धांवर बंदी घातली होती, आणि त्याखालील स्पर्धांनाही परवाना व दोन हजार प्रवेशिकांची मर्यादा घातली होती.

कायद्याच्या भाषेत मांडलेला हा निकष समीक्षेचाही निकष आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. उलगडा पुराव्यातून अपरिहार्यपणे निघतो की केवळ रचनाकाराच्या पसंतीतून? अर्नाळकरांच्या कथेत वाचकाला उत्तर ऐकावे लागे, शब्दकोड्यात त्याला ते ताडावे लागे. दोन्हीकडे ते त्याला सिद्ध करता येत नव्हते. आणि महाविद्यालयातील आपण अध्यापक या गोष्टीकडे त्रयस्थपणे पाहू शकत नाही. 'अपेक्षित' प्रश्नसंचावर पोसलेला विद्यार्थी उत्तरपत्रिकेत काय लिहितो? परीक्षकाला हवे असेल ते. मोहोरबंद लिफाफ्यातील शब्दाशी आपला शब्द जुळविणे हेच त्याला शिक्षण वाटू लागले आहे.

कारण असलेले गूढ

सांकेतिक लिपीला कथेत कारण हवे असे वर म्हटले. त्याचे उत्कृष्ट उदाहरण आपल्या इतिहासात आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर मराठी फौजेचा नाश झाला. उत्तरेकडे निघालेल्या नानासाहेब पेशव्यांना त्याची वार्ता नर्मदेच्या परिसरात समजली ती एका सावकारी पत्रातून, असे ग्रँट डफपासून सांगितले जात आले आहे. पत्र औरंगाबादेकडे जाणाऱ्या कासिदाकडे होते. पत्राची भाषा पेढीची. दोन मोत्ये गेली, सत्तावीस मोहोरा बुडाल्या, रुपये आणि तांब्याची नाणी किती गेली त्याची मोजदाद नाही, अशा आशयाचे ते होते. दोन मोत्ये म्हणजे विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ, मोहोरा म्हणजे सरदार, आणि चिल्लर म्हणजे ज्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत ते. नर्मदेहून औरंगाबादेच्या वाटेवर खानदेश लागतो. हे पत्र वाटेत फुटले नसते तर ते आपल्याच मुलुखातून पुढे गेले असते.

या पत्रातील गूढ कोणाच्या करमणुकीसाठी नाही. सावकाराला बाजारभाव सांभाळावयाचा आहे, बातमी आपल्या पेढीला इतरांआधी कळवावयाची आहे, आणि पत्र परक्या हाती पडले तर ते नफातोट्याचे वाटले पाहिजे. लेखनाचा हेतू, लेखकाचा धंदा आणि भाषेची निवड एकमेकांना धरून आहेत. आजच्या कोणत्याही पेटीतील लिपी या पत्राच्या शेजारी ठेवली तर खेळण्यातली वाटते.

असे कागद वाचण्याची शिस्त ज्यांनी मराठीत घातली त्या वि. का. राजवाडे यांचे निधन ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात झाले, आणि त्यांच्या संग्रहाच्या जतनासाठी १९२७ मध्ये तेथेच राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झाले. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला, आणि त्यातील पत्रे १७५० ते १७६१ या, म्हणजे नेमक्या पानिपतापर्यंतच्या काळातील आहेत. त्या खंडाच्या प्रस्तावनेत राजवाड्यांनी बखरींच्या विश्वसनीयतेची अस्सल पत्रांशी ताडून जी झडती घेतली, ती मराठीतील पहिल्या प्रतीची तपासकथा आहे. बखर हा निवेदक. पत्रे हा पुरावा. निवेदकाला बाजूला सारून पुराव्यालाच बोलते करणे, हे व्हीटलीच्या फाईलने खेळ म्हणून केले. राजवाड्यांनी ते त्याच्या चार दशके आधी गांभीर्याने केले होते.

दप्तरातील कागद किती न्याय्य कोडे असते याचा एक नमुना पाहावा. पत्राच्या शेवटी 'छ' आणि त्यापुढे मुसलमानी महिन्याचा चंद्र येतो. वर्ष असेलच असे नाही. असलेच तर ते शुहूर सनात, आणि तेही अंकांत नव्हे तर अरबी शब्दांत. 'समान खमसैन मया व अलफ' म्हणजे आठ, पन्नास, शंभर व हजार, एकूण ११५८. हा सन जूनच्या प्रारंभी, मृगाच्या सुमारास बदलतो. म्हणून ५९९ मिळविले की १७५७ च्या जूनपासून १७५८ च्या मेपर्यंतचा काळ निघतो. आता चंद्रमास त्या बारा महिन्यांत कोठे पडतो हे जंत्री पाहून ठरवावयाचे, पत्रातील पावसाचा, पिकाचा, मुक्कामाचा उल्लेख त्याच्याशी जुळतो का हे पाहावयाचे, आणि जुळत नसेल तर संशय कोणावर घ्यावयाचा, नकलकारावर की पत्रलेखकावर, याचा निर्णय करावयाचा. यात एकही पायरी अंदाजाची नाही, आणि एकही पायरी रचनाकाराच्या लहरीवर अवलंबून नाही.

म्हणून मराठी आणि इतिहास या दोन विभागांनी मिळून अशी एक फाईल तयार करावी, ही सूचना येथे करावीशी वाटते. प्रकाशित साधनांतील आठ-दहा पत्रांचे देवनागरी पाठ, मोडीच्या एक-दोन प्रतिकृती, एक जंत्री, खानदेशाच्या जुन्या वाटांचा नकाशा, आणि त्याच घटनेची बखरीतील हकीकत. विद्यार्थ्याने ती घरी न्यावी. वडीलधाऱ्यांपैकी कोणाला मोडी येत असेल तर उत्तमच. प्रश्न एकच असावा : बखर कोठे चुकली, आणि हे कोणत्या कागदावरून सांगता? कागदांत काल्पनिक पत्र मिसळण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा. खेळासाठी रचलेले बनावट पत्र दहा वर्षांनी अस्सल म्हणून एखाद्या प्रबंधात उतरते, हा अनुभव इतिहास संशोधनाला नवा नाही.

एक अडचण उरते, आणि ती या प्रकाराच्या गाभ्याची आहे. टपालाने येणाऱ्या प्रत्येक रहस्यकोड्यात शेवटी एक लिफाफा असतो. दप्तरात तो नसतो. पानिपताच्या रणभूमीवरून सदाशिवरावभाऊ निसटले की तेथेच पडले, याविषयी त्या काळी इतका संशय होता की पुढे भाऊ म्हणवून घेणारा तोतया उभा राहू शकला. सावकारी पत्राने मात्र दोन्ही मोत्ये गेल्याचे आधीच लिहून ठेवले होते. त्या सावकाराला हे कशावरून कळले होते? फाईल तयार करणाऱ्याने या प्रश्नापुढे काही छापू नये. शेवटचे पान कोरे ठेवावे, आणि विद्यार्थ्याने त्यावर जे लिहिले त्याला गुण देताना परीक्षकाने उत्तर पाहू नये, त्याखाली नोंदविलेले पत्रांचे क्रमांक तपासावेत.